नळाला पाणी आहे, पण धरणात किती? शरीरातलं लोह तपासण्याची आणि भरून काढण्याची रीत

लॅबच्या खिडकीतून रिपोर्ट हातात दिला की समोरचा माणूस तीन पानांत एकच आकडा शोधतो. "ताई, रक्त किती आलं?" हिमोग्लोबिन १२.१ दिसलं की सुस्कारा, कागद पिशवीत, बाई रिक्षात. नाशिकमध्ये वीसेक वर्षं मी लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढते आहे, आणि हा सुस्कारा मला अजून खटकतो. कारण सुई टोचताना याच बाईने सांगितलेलं असतं की दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छाती भरून येते, कंगव्यात केसांचा पुंजका निघतो, आणि कोणाला सांगू नका पण मुलाची पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते.

आपल्या गावच्या भाषेत सांगायचं तर हिमोग्लोबिन म्हणजे नळाचं पाणी. गंगापूर धरण मार्चपासून खाली जायला लागतं, पण आपल्या नळाला पाणी येतच असतं. कपातीची बातमी येते ती धरण पार तळाला गेल्यावर. शरीरात लोहाचा जो साठा असतो तो म्हणजे हे धरण, आणि तो मोजायची तपासणी आहे फेरिटिन. लोह कमी पडायला लागलं की आधी धरण आटतं आणि नळ सगळ्यात शेवटी बारीक होतो. म्हणजे हिमोग्लोबिन घसरलेलं दिसतं तेव्हा साठा बहुतेक वेळा कधीच संपलेला असतो.

मी डॉक्टर नाही. कोणाला किती गोळ्या हे डॉक्टरच ठरवतील. पण डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय करायचं, हे या खिडकीतून बघून मला बऱ्यापैकी कळलं आहे.

आधी शरीराचा हिशेब

मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं, एका बारक्या खिळ्याइतकं. त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं. उरलेल्यातलं बरंचसं यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत साठ्याच्या रूपात. पुरुषाचा साठा साधारण एक ग्रॅम असतो, बाईचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. पाळीच्या वयातल्या कित्येक बायकांचा तोही नसतो.

तांबडी पेशी १२० दिवस जगते. म्हातारी पेशी प्लीहेत वगैरे मोडीत निघते आणि तिच्यातलं लोह पुन्हा नव्या पेशीत वापरलं जातं. नवं रक्त तयार करायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं, ते जवळजवळ सगळं या मोडीतूनच येतं. जेवणातून आत येतं फक्त एक ते दोन मिलिग्रॅम. जुन्या नाशकातल्या तांबटांनाही इतक्या काटकसरीने मोड वापरणं जमलं नसेल.

आता धरणाची उपमा जिथे मोडते ती जागा, आणि नेमकी तीच महत्त्वाची. गंगापूर भरलं की विसर्ग सुरू होतो, रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं का हे बघायला गर्दी होते. लोहाच्या धरणाला विसर्गाचा दरवाजाच नाही. जास्तीचं लोह लघवीतून किंवा शौचावाटे मुद्दाम बाहेर टाकण्याची सोय शरीराने केलेली नाही. त्वचेच्या आणि आतड्याच्या पेशी झडतात त्यांबरोबर रोज जेमतेम एक मिलिग्रॅम जातं, तेवढंच. मग सगळा बंदोबस्त आत येण्याच्या वाटेवर. जठराच्या लगेच पुढे लहान आतड्याचा जो पहिला भाग असतो, तिथे लोह शोषलं जातं. ते तिथून रक्तात सोडायचं की नाही हे ठरवतं यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक. साठा भरला की हेप्सिडिन वाढतं आणि दार बंद होतं. साठा आटला की हेप्सिडिन उतरतं आणि दार उघडतं.

हे हेप्सिडिन सापडलं २००० च्या आसपास, म्हणजे अगदी अलीकडे. त्याच्यामुळे दोन कोडी सुटली. एक, अंगात दीर्घकाळ जंतुसंसर्ग किंवा सूज असेल (संधिवात, क्षयरोग, मूत्रपिंडाचा जुना आजार) तर हेप्सिडिन वाढलेलंच राहतं, लोह साठ्यात कुलूपबंद होतं आणि गोळ्या गिळूनही रक्त वाढत नाही. दुसरं, लोहाची एक गोळी घेतली की पुढचा दिवसभर हेप्सिडिन चढतं, त्यामुळे लगेच घेतलेल्या दुसऱ्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. हे पुढे गोळीच्या वेळी कामाला येईल.

आणि खर्च? एक मिलिलिटर रक्त गेलं की अर्धा मिलिग्रॅम लोह गेलं. पाळीत ३०-४० मिलिलिटर रक्त जाणं साधारण मानतात, ८० च्या वर गेलं की जास्त. एका गरोदरपणाला सगळं मिळून सुमारे एक ग्रॅम लोह लागतं, म्हणजे बाईच्या अख्ख्या साठ्याच्या तिप्पट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अॅनिमियाच्या रेषेखाली निघाल्या, त्यात नवल काहीच नाही. पुरुष २५ टक्के होते, आणि त्या आकड्याकडे मात्र कोणी बघत नाही.

पहिलं पाऊल: खुणा ओळखा

दम लागणं, थकवा, छातीत धडधड, डोकं जड होणं, तोंड पांढरंफटक पडणं हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असलेल्या खुणा अशा: रात्री पाय स्वस्थ न राहणं, सतत हलवावेसे वाटणं. ओठांच्या कोपऱ्यात चिरा. जीभ गुळगुळीत होऊन तिखटाने झोंबणं. नखं पातळ होऊन चमच्यासारखी खोलगट होणं. आणि खाण्याचे विचित्र डोहाळे: माती, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, फ्रीजमधला बर्फ. घरातलं मूल किंवा सून हे खाताना सापडली तर रागावू नका, रक्त तपासा. लोह भरलं की ही खा-खा बहुधा आपोआप जाते. बर्फ चावायची सवय तर कधी कधी हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच सुटते.

गोऱ्या-सावळ्या रंगावरून चेहरा फिका ठरवू नका. खालची पापणी ओढून आतला रंग बघा, तळहाताच्या रेषा बघा. तरी हा अंदाजच. खरं ते तपासणीत.

दुसरं पाऊल: योग्य तपासण्या, योग्य क्रमाने

फक्त बोट टोचून हिमोग्लोबिन बघणं शिबिरापुरतं ठीक. खरी सुरुवात सीबीसीने (रक्तपेशींच्या संपूर्ण मोजणीने) करा आणि त्याच वेळी फेरिटिनही करून घ्या. खर्चाची अडचण असेल तर आधी सीबीसी, पण फेरिटिन राहू देऊ नका.

रिपोर्ट असा वाचा. हिमोग्लोबिनच्या रेषा: गरोदर नसलेल्या बाईला १२, गरोदर बाईला ११, पुरुषाला १३. त्याखाली गेलं की अॅनिमिया. मग एमसीव्ही बघा, म्हणजे पेशीचं आकारमान. ८० च्या खाली असेल तर पेशी लहान. एमसीएच २७ च्या खाली असेल तर पेशी फिक्या. आरडीडब्ल्यू वाढलेलं असेल तर काही पेशी लहान, काही मोठ्या, अशी सरमिसळ. लोहाच्या कमतरतेत तिन्ही बिघडतात.

इथे एक जागा आहे जिथे चूक होते. त्याच पानावर आरबीसी काउंट, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या (दशलक्षात), दिलेला असतो. एमसीव्हीला त्याने भागा. समजा एमसीव्ही ७२ आणि काउंट ४.० आहे, तर भागाकार १८. हे लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवतं. पण एमसीव्ही ६२ आणि काउंट ५.८ असेल तर भागाकार ११ च्याही खाली. १३ पेक्षा कमी आला की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य रूपाची, शंका घ्यायची. हा भागाकार निदान नव्हे, फक्त इशारा. पुढची तपासणी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी), त्यात एचबीएटू हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर जातं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत मायनर जास्त आढळतो, पण तो कोणातही असू शकतो. अशा माणसाला वर्षानुवर्षं "रक्त कमी" म्हणून लोहाच्या गोळ्या चारल्या जातात. त्याला लोह कमी असेल तरच ते द्यावं, आणि लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करावी, कारण दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजरचं, म्हणजे याच आजाराच्या गंभीर रूपाचं, मूल होण्याची शक्यता चारात एक.

जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातून, सुरगाणा, पेठ, कळवणकडून कोणी आलं तर सिकल सेल हा तांबड्या पेशी विळ्यासारख्या करणारा आनुवंशिक आजारही लक्षात ठेवावा. सांधे ठणकतात, अधूनमधून कावीळ दिसते, घरात आणखी कोणाला असंच होतं, असं कळलं तर साधी सोल्युबिलिटी चाचणी आणि नंतर एचपीएलसी. सरकारी यंत्रणेत ही तपासणी फुकट होते. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमच चालू आहे.

आता फेरिटिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी मोठ्या माणसात १५ नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे साठा संपला. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच कमतरता धरतात, आणि मलाही ते पटतं, कारण १८ फेरिटिनवर दमून गेलेल्या बायका मी डोळ्यांनी बघते. एक सापळा मात्र आहे. ताप, जखम, संसर्ग, सूज काहीही असलं की फेरिटिन खोटं वर जातं. ताप येऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासा, किंवा सोबत सीआरपी (सूज दाखवणारी तपासणी) करा. सूज असताना ७० पर्यंतचं फेरिटिनसुद्धा कमतरता लपवत असू शकतं.

नुसतं सीरम आयर्न करून घेऊ नका. ते सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं, आणि आदल्या रात्री गोळी घेतली असेल तर भलतंच. करायचंच असेल तर टीआयबीसीसह (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता), सकाळी, आदल्या दिवशी गोळी न घेता.

एमसीव्ही १०० च्या वर असेल तर विषय बहुधा बी-१२ किंवा फोलिक अॅसिडचा. शुद्ध शाकाहारी घरात लोह आणि बी-१२ दोन्ही कधी कधी एकदम कमी असतात, मग लहान पेशी आणि मोठ्या पेशी मिळून सरासरी एमसीव्ही छान ८६ येतो आणि रिपोर्ट नॉर्मल वाटतो. तेव्हा आरडीडब्ल्यूच चुगली करतं.

तिसरं पाऊल: गळती शोधा

सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हेच. गोळ्या घेतल्या, रक्त वाढलं, सहा महिन्यांनी परत खाली. टाकीला भोक असेल तर टँकर किती वेळा मागवणार?

पाळीच्या वयातल्या बाईने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? रात्री उठून बदलावं लागतं का? रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात का? सात दिवसांच्या वर चालतं का? एकालाही "हो" असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी. "आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं" हे मी आई, मुलगी आणि मावशी अशा तिघींकडून एकाच दिवशी ऐकलं आहे. तिघींचंही फेरिटिन एक आकडी होतं. सगळ्यांना होतं म्हणून ते बरोबर होत नाही.

पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली तर ती दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पोटातली गळती समजायची. यात मी कोणाची भीड ठेवत नाही. गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक गोळी घेणारे काका, अॅस्पिरिनवर असलेले हृदयरुग्ण, मूळव्याधीचं रक्त "उष्णतेमुळे" जातं म्हणणारे दुकानदार, जठरातला व्रण, आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर. शेवटचा कधी कधी पहिल्यांदा फक्त हिमोग्लोबिन ९ अशा रूपातच समोर येतो, पोटात दुखत नाही, शौचात डोळ्यांना रक्त दिसत नाही. दुर्बिणीची तपासणी डॉक्टरांनी सुचवली तर गोळ्यांनी रक्त वाढलं म्हणून ती रद्द करू नका.

तिसरी वाट, लोह पोटात जातं पण शोषलं जात नाही. आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षं रोज पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणारे यात येतात, कारण धान्या-भाजीतलं लोह विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. जठरातला हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू आणि गव्हाने आतडं सुजणारा सीलिअॅक आजारही येतो.

आणि जंत. भातखाचरात, मळ्यात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायाच्या कातडीतून अंकुशकृमीची अळी आत शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पीत राहते. अल्बेंडाझोलची गोळी स्वस्त आहे, मुलांना शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा फुकट देतात. पायात चप्पल हा खरा उपाय.

रक्तदात्यांनी रागावू नये, पण ३५० मिलिलिटर रक्तदान म्हणजे पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह. वर्षातून तीन-चार वेळा देणाऱ्याने फेरिटिन बघत जावं.

चौथं पाऊल: गोळी

"आम्ही खाण्यातूनच वाढवू" हे वाक्य रोज ऐकते, म्हणून एकदा आकडेमोड करू. ५० किलो वजनाची बाई, हिमोग्लोबिन ८. ते १३ वर न्यायचं तर डॉक्टर वापरतात तो जुना हिशेब असा: वजन गुणिले वाढवायचे ग्रॅम गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. म्हणजे ६०० अधिक ५००, अकराशे मिलिग्रॅम. चांगलं खाऊन तिने रोजच्या खर्चावर अर्धा मिलिग्रॅम लोह शिल्लक टाकलं असं धरलं, आणि तेही अवघड आहे, तरी लागतील २,२०० दिवस. सहा वर्षं. एकदा कमतरता झाली की जेवणाने ती भरत नाही. जेवण पुन्हा होऊ नये यासाठी.

गोळी घेताना पाकिटावर "एलिमेंटल आयर्न" किती ते वाचा. फेरस सल्फेट, फ्युमरेट, अॅस्कॉर्बेट ही क्षारांची नावं. खरं लोह त्यातला एक भागच असतं. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असतं. आरोग्य केंद्रात, आशाताईंकडे ती फुकट मिळते, आणि ती बाजारातल्या महागड्या पाकिटापेक्षा काही कमी नाही. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेत मोठ्या मुलींना आणि मुलांना आठवड्याला मिळते ती निळी.

घ्यायची कशी? रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर. चहा, कॉफी, दूध यांपासून आधी-नंतर निदान एक-दोन तास लांब. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. गरोदरपणात दोन्ही देतात आणि बायका "एकदाच काय ते" म्हणून सोबत गिळतात, तिथे लोहाचं काम अडतं. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर लोह तिच्यानंतर चार तासांनी, नाहीतर थायरॉइडचंही बिघडेल.

मळमळ, पोटात गोळा, बद्धकोष्ठता होते, खोटं कशाला सांगू. आणि इथेच निम्मे लोक गोळी सोडतात. तेव्हा सोडण्याऐवजी डॉक्टरांना विचारून दिवसाआड घ्या. झुरिचमधल्या संशोधकांनी लोहाची कमतरता असलेल्या तरुण बायकांत मोजून दाखवलं की दिवसाआड घेतलेल्या गोळीतून दर गोळीमागे जास्त लोह शोषलं जातं. वर सांगितलेलं हेप्सिडिन मधल्या दिवशी उतरतं म्हणून. त्यानेही जमेना तर जेवणाबरोबर घ्या. शोषण कमी होईल, पण कपाटात पडलेल्या गोळीतून शून्य होतं. गरोदर बाईने मात्र हा बदल स्वतःच्या मनाने करू नये.

शौच काळं होणं अपेक्षित आहे. डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं काळं असेल, किंवा गोळी न घेता काळं असेल, तर ते रक्त असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर. लहान मुलांचं लोहाचं औषध जिभेच्या मागे सोडा आणि नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर दात काळवंडतात.

लाल चकचकीत गोळी मुलांना चॉकलेटसारखी दिसते. दहा किलोच्या मुलाने ६० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. ठेवायची जागा वरचं, कडी लागणारं कपाट, देव्हाऱ्याखालचा खण नव्हे. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटीची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

ताटाबद्दल, आणि मिसळीबद्दल

नाशिकची मिसळ लोहाच्या दृष्टीने फार हुशार पदार्थ आहे. मटकीत १०० ग्रॅममागे सात-आठ मिलिग्रॅम लोह. तिला मोड आणले की लोहाला जखडून ठेवणारी फायटेट कमी होतात. वरून लिंबू पिळलं की व्हिटॅमिन सी, जे लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं. इतकं सगळं जुळवून आणल्यावर आपण काय करतो? शेवटचा पाव संपायच्या आत कटिंग मागवतो. जेवणासोबतचा चहा धान्य-कडधान्यातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणतो. चहा सोडा असं म्हणायची माझी हिंमत नाही. तासभर थांबा, एवढंच.

धान्यात बाजरी चांगली, १०० ग्रॅममागे सहाच्या आसपास. नागली (नाचणी) साडेचारच्या घरात. तिच्यात कॅल्शियम भरपूर, लोह बरं. नागलीचं पीठ आंबवून केलेली आंबील भाकरीपेक्षा लोहासाठी बरी. तांदुळजा, राजगिरा, शेवग्याचा पाला, चवळी, हरभरा, अळीव ही यादी तुमच्या आजीलाही पाठ असेल. तिला जोड हवी लिंबू, पेरू, आवळा, कच्च्या टोमॅटोची, त्याच घासात.

मांसाहारी असाल तर आठवड्यातून एक-दोनदा मटण, कलेजी, मासे. त्यातलं हीम लोह पंधरा ते पस्तीस टक्के शोषलं जातं, तर आपल्या शाकाहारी ताटातलं पाच ते आठ टक्के. शिवाय रश्शात कुस्करलेल्या भाकरीतलं लोहही मटणामुळे जास्त शोषलं जातं. गरोदर बाईने कलेजी मात्र टाळावी, तिच्यात व्हिटॅमिन ए फार असतं.

आता दुखरी नस. आपला जिल्हा डाळिंबाचा, सटाणा-मालेगावकडचं डाळिंब सगळीकडे जातं, आणि "रक्त वाढायला" म्हणून पेशंटच्या उशाशीही तेच असतं. १०० ग्रॅम डाळिंबात अर्धा मिलिग्रॅमही लोह नाही. बीटमध्ये एकाच्या आत. लाल रंग आणि रक्त यांचा काही संबंध नाही. हवं तर आवडीने खा, पण औषध समजून त्यावर पैसे घालू नका. गुळातलं लोह खरं असलं तरी दहा ग्रॅमच्या खड्यात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत येतं. शेंगदाणा-गुळाचा लाडू बिस्किटापेक्षा चांगला, इतकंच त्याचं श्रेय.

लोखंडी तवा आणि बिडाची कढई मात्र खरंच उपयोगी. चिंच, टोमॅटो, आमसूल घातलेली आमटी-भाजी लोखंडात शिजली की लोह उतरतं. भांडी बाजारात विकत घेताना आतून काळा लेप दिलेला नाही ना ते बघा. तांब्या-पितळेच्या भांड्यांचा लोहाशी संबंध नाही, ती कितीही देखणी असली तरी.

रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे, कधी पाण्यावर तरंगणारे दाणे सापडले की "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून टाकतात. ते लोह, फोलिक अॅसिड आणि बी-१२ घालून तयार केलेले फोर्टिफाइड दाणे असतात, साधारण शंभरात एक. निवडू नका. थॅलेसेमिया किंवा सिकल सेलचा रुग्ण घरात असेल तर त्याच्यापुरतं डॉक्टरांना विचारा.

सलाइनमधून लोह, आणि रक्ताची पिशवी

गोळी सोसतच नाही, शोषलीच जात नाही, गळती गोळीच्या वेगापेक्षा मोठी आहे, किंवा गरोदरपणाचे दिवस भरत आलेत आणि हिमोग्लोबिन खाली आहे, तेव्हा शिरेतून लोह देतात. आयर्न सुक्रोज अनेक हप्त्यांत, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एक-दोन बैठकांत. हे हॉस्पिटलमध्ये, देखरेखीखालीच. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात "ताकदीचं सलाइन" नावाने जे लावतात ते बहुधा साखर-मिठाचं पाणी असतं, त्याला पिवळा रंग असला तरी.

रक्त चढवायची वेळ सहसा हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावर, किंवा बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं असं असेल तर. एका पिशवीने साधारण एक ग्रॅम वाढतं. ही लक्षणं असतील तर हा लेख बाजूला ठेवून सिव्हिलचा किंवा जवळच्या हॉस्पिटलचा रस्ता धरा.

परत तपासणी केव्हा

गोळी लागू पडते आहे का, हे तीन-चार आठवड्यांत कळतं. हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर चार कारणं क्रमाने तपासा: गोळी खरंच घेतली का, चहा-दूध-कॅल्शियमबरोबर घेतली का, गळती चालू आहे का, आणि मुळात निदानच चुकलं का.

हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं की गोळी बंद करायची नाही. पहिला पाऊस झाला, कपात मागे घेतली, नळ पूर्ववत झाला, म्हणून गंगापूर भरलेलं नसतं. त्यानंतर आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची आणि मग फेरिटिन करायचं. ५० च्या आसपास आलं की डॉक्टरांना विचारून थांबायचं. उगाच पुढे चालू ठेवायची नाही, कारण विसर्गाचा दरवाजा नाही हे वर आलंच आहे. थांबल्यावर तीन महिन्यांनी एकदा, नंतर वर्षभराने एकदा सीबीसी आणि फेरिटिन. दोन्ही वेळचे रिपोर्ट एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेनुसार लावून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना सगळे घेऊन जा. भरलेलं फेरिटिन सहा महिन्यांत पुन्हा एक आकडी झालं असेल तर नव्या गोळ्या मागण्याआधी तिसऱ्या पावलावर परत या.